बिनमिठाचे सात महिने

इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दुम्यातमध्ये घरटी एक सुतार आहे, आणि त्यातल्या ज्याच्या हाताला खरी जादू असते त्याला लोक 'उस्ता' म्हणतात. बायकांना म्हणत नाहीत. बायका घरात बसून खुर्च्यांच्या पायांना पॉलिशपेपर मारतात, नक्षीत सोनेरी रंग भरतात, पण नाव होतं नवऱ्याचं. इन्शिराहला मात्र अख्खा बाजार उस्ता म्हणायचा. सोफ्यात स्प्रिंगा बसवणं, फोम भरणं, वर कापड ताणून चढवणं हे तिचं काम. कापडावरची वेल पाठीवरून निघून बसायच्या गादीवर उतरली की फुलाला फूल जुळलेलं असायचं, शिवण शोधून सापडायची नाही.

तोंडाने फटकळ होती. एकदा माझ्यासमोरच एका नवऱ्या मुलाच्या आईने विचारलं, "उस्ता, सोफा किती वर्षं टिकेल?"

"तुमच्या पोराचं लग्न टिकेल त्याच्यापेक्षा जास्त," ती दातात धरलेले खिळे न काढताच म्हणाली. बाई हसावं की रागवावं या विचारात पडली आणि शेवटी सोफा घेऊन गेली.

मी इत्तिमाद. बंदराच्या रस्त्यावरच्या स्कॅन सेंटरमध्ये एकोणीस वर्षं सीटीचं मशीन चालवते. सेंटर उघडलं तेव्हा बाहेरच्या हॉलमधले कोच इन्शिराहनेच केले होते, तेव्हापासूनची आमची ओळख. मैत्री म्हणावी इतकी नव्हती. पण बाजारात भेटलो तर ती मला थांबवायची, आणि माझ्या नवऱ्याची, माझ्या चपलांची किंवा माझ्या डॉक्टरांची काहीतरी खोडी काढून मगच सोडायची.

तिचं लग्न झालं नाही. साखरपुडा झाला होता. तो मुलगा बोटीतून इटलीला गेला, तिथून दोन पत्रं आली, मग तीही थांबली. बाप गेला तेव्हा धाकटा भाऊ रागिब नऊ वर्षांचा होता आणि ती वीस वर्षांची. बापाचं दुकान तिने चालवलं, रागिबला शिकवलं, बंदरात कारकुनाच्या नोकरीला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. त्याच्या लग्नाचा सोफा तिने शिवला तेव्हा तीन दिवस दुकान बंद ठेवलं होतं. खाली दुकान, पहिल्या मजल्यावर ती, वर रागिब आणि त्याची बायको ईनास. रागिब तिला 'आब्ला' म्हणायचा. जुन्या घरांतून मोठ्या बहिणीला अजूनही तसंच म्हणतात. तो तिच्यासमोर सिगारेट ओढत नसे. चाळिशी गाठलेला बाप्या, पण जिन्यात तिची चाहूल लागली की सिगारेट मागे लपवायचा. त्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. प्रेम नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

एकावन्नाव्या वर्षी तिचं पोट वाढायला लागलं. अंगाने काटकुळी बाई, हातपाय तसेच, आणि पोट तेवढं पुढे. बाजाराला काय, तेवढंच हवं असतं. कापडवाला हाज्ज बदावी म्हणाला, "उस्ता, गोड बातमी आहे की काय?"

"आहे ना. बाप तूच आहेस. जा, मिठाई वाट आणि बायकोला सांग."

सगळा बाजार हसला, हाज्ज बदावी आठवडाभर तिच्या दुकानावरून गेला नाही. पण ती स्वतः त्या दिवशी लवकर दुकान बंद करून वर गेली, हे मला ईनासने पुढे सांगितलं. दोन घास खाल्ले की पोट तुंबायचं. वाकून खिळे मारता येईनात, म्हणून तिने कामाचं टेबल उंच करून घेतलं. तीन महिने असे काढले. मग रागिबने हाताला धरून तिला आमच्याकडे आणलं.

मशीनवर आडवी झाल्यावर मी तिला सांगितलं, "उस्ता, शिरेतून औषध जाईल, अंगभर गरम वाटेल. आवाज आला की श्वास धरायचा."

"तीस वर्षं धरलाय गं," ती म्हणाली. "आणखी किती धरू?"

मी काचेमागे गेले आणि पडद्यावर तिचं पोट एकेक काप करून यायला लागलं. मी डॉक्टर नाही. पण एकोणीस वर्षं पाहिल्यावर डोळ्याला कळतं. पोटभर पाणी. दोन्ही अंडाशयांच्या जागी गाठी. आतड्यांवरून जो चरबीचा पडदा लोंबतो तो जाड, गोळे गोळे झालेला. आणि उजवीकडे लिव्हर, गुळगुळीत, स्वच्छ, एखाद्या तरुण पोरीचं असावं तसं. हे मला नीट आठवतं. लिव्हर पाहून मी मनात म्हटलं होतं, बाईने आयुष्यात कधी काही वाईट खाल्लं-प्यायलेलं दिसत नाही.

चित्रं वाचायला आमच्याकडे डॉक्टर निहाल. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढी, पण अशी चिकट बाई मी दुसरी पाहिली नाही. मन्सूरा शहरातल्या मोठ्या इस्पितळात शिकत असताना ती तीन वर्षं या आजाराच्या सर्जनांबरोबर ऑपरेशनच्या खोलीत उभी राहिली होती. आपण चित्रात जे पाहिलं ते उघड्या पोटात खरंच आहे का, आणि सर्जनला ते निघालं का, हे डोळ्यांनी बघायला. त्यातून तिने ठरवलेल्या सात जागा होत्या. छातीच्या पडद्याखाली, प्लीहेच्या तोंडाशी, लहान आतड्याच्या मुळाशी, अशा. प्रत्येक जागी आजार दिसला तर इतके गुण. बेरीज कमी तर सर्जन सगळा आजार काढून बाहेर येईल. बेरीज मोठी तर काहीतरी आत राहणारच. एका वहीत ती प्रत्येक बाईचे गुण लिहायची आणि ऑपरेशननंतर सर्जनला फोन करून विचारायची: किती राहिलं? वहीत तिचे अंदाज चुकलेल्या बायकाही होत्या, त्यांच्या नावापुढे ती लाल पेनाने लिहायची.

इन्शिराहचे गुण झाले नऊ, म्हणजे मोठ्या बेरजेतले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट तयार होता. खिडकीवरची मुलगी सुट्टीवर होती, म्हणून मीच खिडकीत बसले होते. इन्शिराह समोरच्या कोचावर होती, रागिब उभा होता. मी पाकीट रागिबच्या हातात दिलं. असंच देतात. बाई समोर बसलेली असली तरी भावाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या हातात. मला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं आणि मी कधी विचारही केला नव्हता.

रिपोर्ट इंग्रजीत होता. इन्शिराह शाळेत चौथीपर्यंत गेलेली. रागिब बंदराचे कागद इंग्रजीत भरायचा, त्याला थोडंफार वाचता यायचं. त्याने तिथेच उभ्याने पान उघडलं. त्या आजाराचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, 'तो वाईट आजार' म्हणतात. पण इंग्रजीत ते नाव पहिल्याच ओळीत होतं. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने पान परत घडी करून आत घातलं.

"काय रे?" इन्शिराहने विचारलं.

"लिव्हर आहे, आब्ला. लिव्हरने पाणी धरलंय."

तिचा चेहरा असा उजळला! "एवढंच? अरे, अर्ध्या गावाला लिव्हरचं दुखणं आहे. मला वाटलं काहीतरी मोठं असेल." ती चप्पल घालायला वाकली, पोटामुळे वाकता येईना, तर रागिबने खाली बसून तिच्या पायात चपला घातल्या. ते दोघे गेले. मी खिडकीत बसून राहिले, आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

त्याच दिवशी रागिब रिपोर्ट घेऊन डॉक्टर वगदीकडे गेला. वगदी आमच्याकडचा नावाजलेला सर्जन. पित्ताशय, हर्निया, अपेंडिक्स, जे म्हणाल ते. त्याने पहिलं पान वाचलं, नऊचा आकडा पाहिला, आणि पाकीट परत दिलं. "हे ऑपरेशनच्या पलीकडे आहे. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच लिहिलंय. घरी न्या. खाऊ घाला, आनंदात ठेवा. पाणी साठलं की मला बोलवा, मी काढून देईन." दुसरं पान त्याने उलटलं नाही. दुसऱ्या पानावर डॉक्टर निहालने लिहिलं होतं, आधी औषधाचे तीन डोस द्यावेत, मग पुन्हा स्कॅन करावा, मग ऑपरेशनचं ठरवावं. आणि मन्सूराच्या डॉक्टरांचं नाव लिहिलं होतं.

रागिबनेही ते पान धड वाचलं नसावं. किंवा वाचलं आणि कळलं नसावं. ईनासची आई त्याच आजाराने गेली होती. औषधाचे डोस घेता घेता केस गेले, दात गेले, शेवटी माणूस ओळखू येईना. रागिबने ते पाहिलं होतं. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "तिचे केस तरी राहू देत."

आणि खोटं निभवायचं तर नीट निभवायला हवं. लिव्हरच्या माणसाला मीठ बंद. म्हणून इन्शिराहचं मीठ बंद झालं.

बाहेरच्या माणसाला यातलं कळायचं नाही. दुम्यातचं पांढरं चीज खारं असतं, इतकं खारं की जीभ चुरचुरते, आणि आमचं पोट त्यावरच पोसलेलं. वसंताच्या सणाला खारवलेला मासा, कांदा, लिंबू, त्याशिवाय सण होत नाही. इन्शिराह सकाळी दुकान उघडताना उभ्या उभ्या भाकरी, चीज आणि टोमॅटो खायची. तिला तेवढंच एक खाणं आवडायचं. आता ईनास वरून तिला उकडलेला भोपळा पाठवायची. उकडलेली कोंबडी, उकडलेला भात. ईनासने मला सांगितलं, पहिल्या दिवशी तिने ताट परत पाठवलं आणि निरोप दिला: "ताट चुकून आलंय, हे कुठल्यातरी आजारी बाईचं आहे."

चार महिन्यांनी ती मला चीजवाल्याच्या दुकानात भेटली. बरोबर ईनास होती. इन्शिराहचा चेहरा बसला होता, पण डोळे तेच. ती बिनमिठाचं चीज घेत होती. "हे बघ, इत्तिमाद. याला चीज म्हणतात हे लोक. शाळेत फळ्यावर लिहायचे ते हेच. वगदी डॉक्टरने दोनदा पाणी काढलं, पुन्हा भरतं. तुमच्या त्या मशीनमध्ये माझं लिव्हर फार वाईट दिसलं का गं?"

ईनासने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"बरं होईल, उस्ता," मी म्हणाले. "पथ्य पाळा."

पथ्य पाळा! हे मी म्हणाले. मी, जिने ते लिव्हर डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या आठवड्यात डॉक्टर निहालने वही काढली आणि मला विचारलं, "ती सोफ्यावाली उस्ता, नऊ गुणांची, तिचे डोस संपले असतील ना? अजून दुसऱ्या स्कॅनला आली कशी नाही?" मी म्हणाले, "मन्सूरालाच करून घेतला असेल." घरच्यांचा मामला, आपण कशाला मध्ये पडा, असं मी मनाशी म्हटलं. तसं म्हणायला सोपं जातं.

सातव्या महिन्यात तिच्या दुकानात एक बाई उशा भरायला द्यायला आली. तिचा नवरा खरंच लिव्हरने गेलेला. तिने इन्शिराहच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "उस्ता, माझ्या माणसाचे डोळे हळदीसारखे झाले होते. अंगाला खाज, बोलणं बरळल्यासारखं. तुमचे डोळे तर दुधासारखे पांढरे आहेत." एवढंच बोलून ती गेली. इन्शिराहने त्या दिवशी आरशात डोळे पाहिले. मग शुक्रवारची वाट पाहिली. रागिब दुपारच्या नमाजाला मशिदीत गेला, ईनास माहेरी गेली होती, तेव्हा ती वर गेली, त्याच्या कपाटावरून पाकीट काढलं, रस्त्यावर येऊन टुकटुक रिक्षा थांबवली आणि आमच्याकडे आली. शुक्रवारी आम्ही फक्त तातडीच्या माणसांसाठी उघडे असतो. हॉलमध्ये कुणी नव्हतं.

"माझ्या लिव्हरचा फोटो काढ," ती मला म्हणाली. उभं राहून दम लागला होता. "आणि हा जुना मला वाचून दाखव. मराल तेव्हा देवासमोर उभं राहायचंय तुम्हा सगळ्यांना, तेव्हा खरं वाच."

मी वाचलं नाही. मी डॉक्टर निहालला बोलावलं.

निहालला वाटलं बाई औषधाचे डोस पुरे करून आली आहे. ती हसतच बाहेर आली, "या उस्ता, औषधाने त्रास फार झाला का?" आणि मग तिने तिच्या डोक्याकडे पाहिलं. रुमालाखालून इन्शिराहची जाड वेणी तशीच्या तशी बाहेर आलेली.

"कुठलं औषध?" इन्शिराहने विचारलं.

निहाल तिच्याशेजारी कोचावर बसली. तिने पाकीट घेतलं, दोन्ही पानं काढली आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत आमच्या भाषेत वाचून दाखवली. आजाराचं नावही घेतलं. मध्ये थांबली नाही. मी भिंतीला टेकून उभी होते.

"नऊ म्हणजे काय?" इन्शिराहने सगळं ऐकून फक्त हेच विचारलं.

"तो आकडा तुम्ही किती जगणार ते सांगत नाही," निहाल म्हणाली. "तो एकच गोष्ट सांगतो. त्या दिवशी तुमचं पोट उघडलं असतं तर सर्जनला सगळं काढता आलं असतं का? नसतं आलं. थोडं मागे राहिलं असतं, आणि मागे ठेवायचं तर कापण्यात अर्थ नाही. म्हणून आधी औषधाने आकसवायचं, मग पुन्हा बघायचं, आणि मग काढायचं. तो आकडा 'आत्ता नको' म्हणत होता, उस्ता. 'कधीच नाही' असं म्हणत नव्हता."

"आणि माझं लिव्हर?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे?"

"उत्तम आहे. काही झालेलं नाही त्याला."

इन्शिराहने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."



"सात महिने," ती म्हणाली, "सात महिने मी बिनमिठाचं खाल्लं. ज्याला काही झालेलंच नाही त्या लिव्हरसाठी."

त्या दिवशी निहालने तिचा स्कॅन केला. आता गुण अकरा होते.

पुढचं ईनासने मला सांगितलं, कारण ती तेवढ्यात माहेराहून परतली होती. इन्शिराह आमच्याकडून निघाली ती वाटेत चीजवाल्याकडे थांबली. घरी आली तेव्हा रागिब जेवायला बसत होता. ती कधी वर जेवायला जात नसे, त्या दिवशी गेली. त्याच्यासमोर बसली, पुडी सोडली, खारं चीज भाकरीवर घेतलं आणि खायला लागली.

"आब्ला! अगं मीठ..." रागिब म्हणाला.

"रागिब, लिव्हर कुठल्या बाजूला असतं रे?"

त्याने घास खाली ठेवला.

"सांग ना. शिकवलंय मी तुला. उजव्या की डाव्या?"

"आब्ला, मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठीच. ते माहीत आहे मला. म्हणून तर तुला मारावंसं वाटत नाही, हीच अडचण आहे." ती खात राहिली. "परक्याने केलं असतं तर कोर्टात खेचलं असतं. नवऱ्याने केलं असतं तर सोडून गेले असते. तुझं काय करू? तुला मीच वाढवलंय."

"वगदी डॉक्टर म्हणाला, काही होणार नाही. मला वाटलं, जेवढे दिवस आहेत तेवढे हसत जाऊ देत."

"हसत?" तिने भाकरी खाली ठेवली. "भोपळा खाऊन कोण हसतं रे?"

रागिब टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. ईनास म्हणाली, आब्ला त्याच्या डोक्यावरून हात फिरवील असं मला वाटलं. पण इन्शिराहने चीजची पुडी बांधली, उचलली आणि खाली निघून गेली. त्यानंतर ती भावाशी बोलायची, पण जसं गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. 'हो', 'नको', 'ठेव तिथे.' जिन्यात तिची चाहूल लागली की तो अजूनही सिगारेट लपवायचा.

मन्सूराला तिचे डोस सुरू झाले. केस गेले. ती डोक्याला सोफ्याच्या उरलेल्या कापडाचे रुमाल बांधायची, वेलबुट्टीचे, मखमलीचे. दर डोसाला रागिब न्यायला तयार असायचा; ती मिनीबसने एकटी जायची. तीन डोसांनंतर ती स्कॅनसाठी आमच्याकडे आली. मन्सूराला सोय होती, पण तिला निहालच हवी होती. मशीनवर झोपताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी "श्वास धरा" म्हणाले, तिने धरला. "सोडा" म्हणाले, तिने सोडला.

पाणी गेलं होतं. चरबीच्या पडद्यावरचे गोळे बारीक झाले होते. छातीच्या पडद्याखालचं जवळजवळ दिसेनासं झालं होतं. काचेमागे मला फार आशा वाटली. पण आतड्याच्या मुळाशी, जिथून सगळ्या रक्तवाहिन्या पंख्यासारख्या पसरतात, तिथे ते तसंच होतं. घट्ट, आणि आतड्याला आपल्याकडे ओढून धरलेलं. पहिल्या स्कॅनमध्ये तिथे दोन बारीक ठिपके होते. निहालने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून ती जागा मला बोटाने दाखवली. "इथे सर्जन हात घालत नाहीत," ती म्हणाली. "इथून काढायचं तर सगळं आतडंच काढावं लागेल."

मन्सूराच्या सर्जनांनी दुर्बीण घालून स्वतः पाहिलं आणि तेच सांगितलं. आणखी तीन डोस झाले, ती जागा हलली नाही. ऑपरेशन झालं नाही.

इन्शिराह शेवटची आमच्याकडे आली तेव्हा तिने निहालला विचारलं, "डॉक्टर, ते डोस मला तेव्हाच मिळाले असते, पहिल्या स्कॅननंतर, तर ऑपरेशन झालं असतं?"

निहालने वही काढली. "तेव्हा तुमच्यासारखे गुण असलेल्या अकरा बायका माझ्याकडे होत्या ज्यांनी आधी औषध घेतलं. सात जणींचं नंतर ऑपरेशन झालं आणि मागे काही राहिलं नाही. चार जणींचं झालं नाही."

"मी सातात असते की चारात?"

"मला माहीत नाही, उस्ता."

"अंदाज सांगा. तुम्ही अंदाजच तर करता."

"न झालेल्या गोष्टीचं चित्र माझ्याकडे नाही," निहाल म्हणाली. तिचे डोळे भरले होते. इन्शिराह म्हणाली, "तुम्ही एकट्याच आहात ज्या माहीत नसेल ते मला 'माहीत नाही' म्हणून सांगता."

मी तिला भेटायला दोनदा घरी गेले. पहिल्या वेळी ती झोपली आहे असं ईनासने सांगितलं, आणि आतून सुतळी ओढल्याचा आवाज येत होता. दुसऱ्या वेळी तिने मला आत बोलावलं. पलंगावर बसून ती एका उशीची शिवण घालत होती, बोटं काडीसारखी झालेली. चहा दिला, चहात साखर कमी आहे का विचारलं. मग म्हणाली, "इत्तिमाद, तू वाईट बाई नाहीस. पण पुन्हा येऊ नकोस. तुला पाहिलं की ते चीजचं दुकान आठवतं. मी तुला विचारलं होतं, तोंडाने विचारलं होतं."

मी गेले नाही. पहिल्या स्कॅननंतर एकोणीस महिन्यांनी, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, ती गेली. दुकान रागिबने एका पॉलिशवाल्याला दिलं. बाजार अजून तिचं नाव काढतो, पण काम आता रेडिमेड आलंय, चिकटवलेलं. वेलीला वेल जुळते की नाही हे पाहायला कुणी थांबत नाही.

वर्षभराने रागिब आमच्याकडे आला. खांदा दुखत होता, एक्स-रे काढायचा होता. तो वाकला होता, दाढी वाढली होती. एक्स-रे झाला, शर्टाची बटणं लावून झाली, तरी तो जाईना. माझी खोली रिकामी होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "इत्तिमाद, तू त्या डॉक्टरीणबाईंबरोबर रोज असतेस. तुला सगळं कळतं. मी तेव्हा नेलं असतं तर तिचं ऑपरेशन झालं असतं का?"

निहालने काय उत्तर दिलं होतं ते मला पाठ होतं. अकरा, सात, चार, आणि माहीत नाही. तेच मला सांगता आलं असतं. त्याचा चेहरा असा झाला होता की 'माहीत नाही' एवढं ऐकूनही त्याने बिछान्यात जाऊन शांत झोप घेतली असती.

"हो," मी म्हणाले. "झालं असतं."

त्याने मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं. मग तो भिंतीचा आधार घेत घेत जिना उतरून गेला.

मी खोटं बोलले. निहालला कळलं तर ती मला कामावरून काढील, आणि तिचं बरोबर असेल. मी ते परत घ्यावं, त्याच्या घरी जाऊन सांगावं, असं अनेकदा मनात आलं. त्याचं घर माझ्या रस्त्यावरच आहे. अजून गेलेले नाही.